नावाचं कडवं

माझं काम नावं दुरुस्त करण्याचं आहे. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी घरी बसून गाण्यांच्या याद्या तपासते. गाणं कुणी गायलं, कुणी लिहिलं, सोबतीला कोण आहे. एकाचं नाव दुसऱ्याच्या चौकटीत गेलं असेल तर ते शोधायचं आणि जागेवर आणायचं. हिंगोलीत आमच्या गल्लीत कुणी विचारलं तर मी "कम्प्युटरचं काम" एवढंच सांगते. तेवढ्यावर लोक गप्प बसतात.

नवी गाणी शुक्रवारी येतात, म्हणून गुरुवारपासून माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्यात स्पॅनिश गाण्यांचा ढीग असतो. रेगेटॉन म्हणतात त्याला. पोर्तो रिको, पनामा, कोलंबिया, तिकडची नाचाची गाणी. सगळ्यांच्या तळाशी एकच ठेका: धूम्, च-धूम्, चक. तो सुरू झाला की टेबलाखाली माझा उजवा पाय हलायला लागतो आणि थांबत नाही. मम्मी स्वयंपाकघरातून ओरडते, "पाय नको हालवू, घरात भांडणं लागतात."

या याद्यांमध्ये मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. एखादं गाणं आधी एकाच नावानं येतं. थोड्या दिवसांनी तेच गाणं परत येतं, आता त्याला तीन नावं. मग पाच. प्रत्येक गायक आपापले ऐकणारे घेऊन येतो. पहिल्याचं गाणं ऐकणाऱ्याला ॲप दुसऱ्याचं ऐकवतं, दुसऱ्याच्या माणसांना पहिल्याचं. असं करत, ज्या गाण्यांना एके काळी त्यांच्याच पोर्तो रिको बेटावर गरीब वस्तीतली वाह्यात गाणी म्हणून नावं ठेवली जायची, ती जगभर गेली. आणि आपल्याच भाषेत गेली. इंग्रजीतले मोठमोठे गायक त्यांच्या दारी आले आणि अडखळत दोन ओळी स्पॅनिशमध्ये गाऊन गेले.

मला याचा आनंद व्हायला हवा होता. पण एक चिडचिड व्हायची. इंग्रजीशिवाय कुठंच जाता येत नाही म्हणून मला नर्सरीपासून इंग्रजी शाळेत घातलं होतं. मराठी मी उशिरा, स्वतःहून वाचायला लागले. आणि ही माणसं इंग्रजी बाजूला ठेवून कुठल्या कुठं पोहोचली होती.

पप्पा गातात. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ते नोकरीला होते. पाण्याची पाळी असली की दिवसभर गेटं उघडत-लावत फिरायचे आणि फिरता फिरता गाणी रचायचे. सुटीच्या दिवशी त्यांची गायन पार्टी. पेटी, ढोलक आणि मागं झील धरणारे, म्हणजे ध्रुपद उचलून धरणारे, चौघं. जवळा बाजारपासून वाशीमकडच्या गावांपर्यंत त्यांना चौदा एप्रिलच्या जयंतीची बोलावणी यायची. मी मात्र त्यांचा एकही कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकलेला नाही. लहानपणी मम्मीच्या मांडीवर झोपून जायचे. मोठी झाल्यावर शाळेतली एक मुलगी, "तुझे पप्पा स्टेजवर गातात?" असं इंग्रजीत म्हणाली आणि हसली. त्यानंतर मी जाणंच बंद केलं. मग गावोगाव डीजे आले आणि पार्टीला कुणी बोलवेना. पप्पांनी गाण्यांच्या वह्या ट्रंकेत ठेवल्या.

गेल्या वर्षी जयंतीच्या महिनाभर आधी माझा मावसभाऊ घरी आला. कनेरगाव नाक्याला एका ढाब्यामागे त्याची खोली आहे आणि दारात डीजेचा ट्रक. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे, पण मला मॅडम म्हणतो.

"काका, त्या वह्यांचं काय लोणचं घालून राहिले का?" तो म्हणाला. "तुमचा आवाज, माझं मशीन. यंदा नवं गाणं काढू."

"तुह्या मशीनवर माणसाचा आवाज ऐकू येते का रे? निस्ती छाती हादरते."

मी सहसा मध्ये बोलत नाही. त्या दिवशी बोलले. ते स्पॅनिश गायक, एका गाण्यावर पाच नावं, एकाचे ऐकणारे दुसऱ्याकडे कसे जातात, सगळं सांगितलं. पप्पा मान तिरकी करून ऐकत राहिले.

"म्हणजे सामनाच की," ते म्हणाले. "मोठ्या पार्टीसमोर लहानी पार्टी बसवायचे. मोठीला ऐकायला आलेला माणूस लहानीलाबी ऐकून जायचा. आमी तसेच वर आलो. हे परदेशी लोकं आत्ता शिकून राहिले व्हय?"

मावसभाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "घ्या मॅडम. तुमची कंपनी काकांच्या मागंच आहे."

गाणं पप्पांच्या आईवर होतं. शाळेचं अंगण झाडणारी बाई, जिनं वर्ग फक्त दारातून पाहिला. रेकॉर्डिंगसाठी मावसभावाच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या लावल्या होत्या. ढाब्याच्या मिक्सरचा आवाज येत होता म्हणून मावसभावानं जाऊन तो बंद करायला लावला. पप्पांनी चप्पल बाहेर काढली, डोळे मिटले आणि सात मिनिटं गायले. खाली ठेका कुठला टाकायचा ते मी सुचवलं. धूम्, च-धूम्, चक. पप्पांनी कानावरचा हेडफोन दाबून धरला. "हे हलगीच्या घरचंच हाय," ते म्हणाले आणि चहा प्यायला बाहेर गेले.

मग आम्ही दोघं कापायला बसलो. त्या खोलीत मला सगळं कळत होतं. लोक अर्ध्या मिनिटात पुढच्या गाण्यावर जातात, म्हणून ध्रुपद पहिल्यांदा. अडीच मिनिटांच्या वर काही नको. तिकडच्या गाण्यांत सुरुवातीलाच नाव पुकारतात, म्हणून मावसभावाच्या साउंडचं नाव सगळ्यात आधी, घुमवून. शेवटचं कडवं संथ होतं. तिथं ठेका सुटत होता.

"हे काढा," मी म्हणाले.

त्याचा हात माउसवर थांबला. "शेवटचं कडवं?"

"त्यात नवीन काही नाही. गाणं तिथं बसतंय."

"बघा बरं मॅडम."

"मी रोज हेच काम करते, दादा."

त्यानं काढलं. घरी येऊन मी गाणं ॲपवर चढवलं आणि सगळ्या चौकटी स्वतः भरल्या. गीतकार पप्पा. गायक पप्पा. सोबत मावसभाऊ. स्पेलिंग तीनदा तपासलं. इतकी चोख नोंद त्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्या गाण्याची नसेल, असं वाटून मी खूश होते.

जयंतीच्या संध्याकाळी हिंगोलीच्या रस्त्यावर ते गाणं लागलं आणि लोक जागच्या जागी उड्या मारायला लागले. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, निळे फेटे, खांद्यावरची लेकरं. पुढच्या ट्रकवर तेच, मागच्या ट्रकवरही तेच. पप्पा रस्त्याच्या कडेला त्यांच्या जुन्या पेटीवाल्या मित्राबरोबर उभे होते. तयार झालेलं गाणं ते पहिल्यांदाच ऐकत होते. मी दोन पावलं मागे. पप्पांचे ओठ हलत होते. अडीच मिनिटं झाली, गाणं संपलं आणि लगेच दुसरं सुरू झालं. पप्पांचे ओठ मात्र पुढं हलत राहिले. ते शेवटचं कडवं म्हणत होते.

पेटीवाले काका म्हणाले, "अन् नावाचं कडवं?"

"असंल पुढं," पप्पा म्हणाले.

तिसऱ्या ट्रकवर ते पुन्हा लागलं. पप्पा गाणं संपेपर्यंत ऐकत थांबले. तिथंही पुढं काही नव्हतं. तेवढ्यात गल्लीतल्या एक काकू घामाघूम होऊन आमच्यापाशी आल्या. "भाऊ, हे गाणं ऐकलं का? लई भारी लिहिलं. तो नाक्याचा डीजेवाला हाय ना, त्याचं हाय म्हणतात."

"हौ," पप्पा म्हणाले. "चांगलं हाय."

पेटीवाले काका दुसरीकडे बघायला लागले.

घरी आल्यावर मी फोन उघडून त्यांच्यापुढे धरला. "हे बघा पप्पा. गीतकार, गायक, दोन्हीकडे तुमचंच नाव."

त्यांनी चष्मा लावला. "हे त्या नाचणाऱ्यायला दिसते का?"

"उघडून बघावं लागतं."

"मंग?"

मी फोन खाली ठेवला. मग त्यांनीच सांगितलं, मला सांगत असल्यासारखं नाही, नुसतं समोर बघत. "आमच्या गाण्याला पुस्तक कुठं होतं माय. ह्या गावातून त्या गावात तोंडानंच जायचं. मंग कुणी लिहिलं हे गाण्यातच बांधून द्या लागायचं. शेवटच्या कडव्यात आपलं नाव, आपलं गाव. त्याच्यामुळं गाणं उचलणाऱ्यालाबी ते म्हणाच लागायचं." जरा थांबून ते म्हणाले, "त्याला तर हे म्हाईत हाय. तरी त्यानं काहून काढलं असंल?"

'त्यानं.' मी तो शब्द ऐकला. दुरुस्त केला नाही. रोज परक्या लोकांची नावं दुरुस्त करते, तो एक शब्द मात्र तसाच राहू दिला.

दोन आठवडे पप्पांनी मावसभावाचा फोन उचलला नाही. मला कामात लक्ष लागेना. एका गायकाचं नाव मी दोनदा चुकीच्या चौकटीत टाकलं आणि कंपनीतून निरोप आला. जेवताना पप्पांचा फोन वाजला की मी ताटातून उठायचे. शेवटी तो जिलबी घेऊन घरीच आला. पप्पांनी बस म्हटलं नाही. चहा मम्मीनं दिला.

"चुकलं काका," तो म्हणाला. "घाई झाली माझी."

माझ्याकडे त्यानं एकदाच पाहिलं. जाताना मी फाटकापर्यंत गेले. तो गाडीला किक मारता मारता हळूच म्हणाला, "मॅडम, शिव्या मी खाल्ल्या. आता एक टाइम जेवायला तरी बलवा."

तो हसला होता, म्हणून मला ते जास्त लागलं. मी सरळ आत आले. बसले असते तर बोलले नसते, म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं. "पप्पा, ते कडवं मी काढायला लावलं. दादानं विचारलं होतं. मीच हो म्हणाले."

"तुला म्हाईत नव्हतं?"

"नाही. नाव ऐकलं होतं, पण ते शेवटी का असतं ते ठाऊक नव्हतं. मी तुमचा कार्यक्रम कधी शेवटपर्यंत ऐकलाच नाही."

कडव्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. ते उठले आणि कूलरमध्ये पाणी भरायला बाहेर गेले. बादली भरली, वाहायला लागली, पाणी पार फाटकापर्यंत आलं. त्यांनी नळ बंद केला नाही. जन्मभर कालव्याचं पाणी सांभाळलेला माणूस. मम्मीनं जाऊन बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी नाक्याला जाऊन मावसभावाबरोबर पूर्ण सात मिनिटांचं गाणं नव्यानं चढवलं. ॲपवरचं जुनं उतरवलं. माझ्या कामाच्या हिशोबानं चूक दुरुस्त झाली होती. मावसभावानं मान हलवली. "ॲपचं ठीक हाय. पण ट्रकवाले पेनड्राइव्हवर वाजवतात मॅडम. एकानं दुसऱ्याला देलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. ते कसं उतरवता?"

गावोगावच्या जयंत्या मे संपेपर्यंत चालतात. म्हणजे ते कापलेलं गाणं अजून महिनाभर गावागावात वाजणार होतं. मी त्याच्याकडून ट्रकवाल्यांची यादी लिहून घेतली. "मी येतो संगं," तो म्हणाला. मी नको म्हणाले. तो आला असता तर त्यानंच सगळं बोलून टाकलं असतं.

पहिला ट्रक जवळा बाजारला. बाजाराचा दिवस होता. मालक ट्रकच्या सावलीत कलिंगड खात बसला होता. मी दहा मिनिटं समोरच्या भांड्यांच्या दुकानापाशी उभी राहून वाक्य मनात इंग्रजीत जुळवत होते, मग मराठीत.

"दादा, तुमच्या पेनड्राइव्हमध्ये एक गाणं आहे. ते बदलायचं आहे."

तो खाताखाता थांबला. "कॉपीराइटवाल्या का तुमी?"

"नाही. ते गाणं अपुरं आहे. हे पूर्ण आहे."

"वाजवून बघू का?"

मला वाटलं फोनवर वाजवेल. त्यानं सरळ ट्रकला लावलं. बाजारातली माणसं वळून बघायला लागली. मी माझ्या चपलांकडे बघत सात मिनिटं काढली. शेवटी ठेका सुटला आणि पप्पांचा एकटा आवाज आला. आधी गावाचं नाव, मग त्यांचं. भाजीवाल्यांच्या, कपडेवाल्यांच्या डोक्यावरून ते पार पलीकडे गेलं.

"हे कोण?" मालकानं विचारलं.

"ज्यांनी लिहिलं ते. माझे पप्पा."

"अन् लोकं तर नाक्यावाल्याचं म्हणून राहिले." त्यानं हात पुसले. "बरं, दोन्हीबी ठेवतो. पोरायला बारकंच पाहिजे."

"दोन्ही नको. मोठंच ठेवा."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, पेनड्राइव्ह काढला आणि लॅपटॉपसकट माझ्यापुढं सरकवला. "तुमीच पुसा मंग. चालतं गाणं माझ्यानं पुसवत न्हाई."

मी पुसत होते तेवढ्यात पप्पांचा फोन आला. "कुठं हाईस? बाजारातून दोघायचे फोन आले मला. काय लावलंस तिथं?"

"पूर्ण गाणं."

 मोठं गाणं भरून मी पेनड्राइव्ह काढला.

"शेवटच्या ओळीला माझा दम तुटला हाय," ते म्हणाले. "ऐकू येते का ते?"

खोटं बोलता आलं असतं. "येतं," मी म्हणाले.

"मंग परत गाऊ. त्याला सांग, परवा येतो म्हणून. अन् तू थांबजो आतच, शेवटपर्यंत ऐकजो."

मालक पेनड्राइव्हसाठी हात पुढे करून उभा होता. परत गायचं म्हणजे याच्याकडेही परत यावं लागणार. त्याला आत्ताच सांगावं की नंतर, ते मला ठरवता येईना.