बाजाराच्या दुसऱ्या दिवसाचं चित्र

महाराष्ट्र नवानवा होता तेव्हाची गोष्ट. मी अमडापूरची, लग्नाला आलेली पोर. शाळा कधीच सुटली होती, चित्रं काढणं तेवढं सुटलं नव्हतं. शिकवलं कोणी म्हणाल, तर कोणीच नाही. काव, नीळ, चुना, काजळी, हेच माझे रंग.

तालुक्याहून एक ड्रॉइंग मास्तर यायचे. भला माणूस. खेड्यापाड्यातले नवे हात हुडकायचे आणि त्यांची चित्रं गावाच्या चावडीतच मांडायचे. चित्र आपल्या लोकांनी पाहावं, असा त्यांचा ध्यास. त्या वर्षी नागपूरहून एक जाणकार बाई येणार होत्या. त्या ज्याला निवडतील त्याची तिकडे शिकायची सोय होणार होती. बाबांनी सरळ सांगितलं, "निवड झाली तं जा. नाही तं देऊळगाव राजाच्या पाहुण्यायले हो म्हणतो."

मी काढलं बाजाराच्या दुसऱ्या दिवसाचं मैदान. माणूस एक नाही. पालांच्या खुंट्यांची भोकं, कांद्याची उडती सालं, आणि मधोमध नुसतं ऊन. मला ते मैदान फार आवडायचं, काऊन ते नाही सांगता येत.

मास्तर म्हणाले, "छान आहे. पण बाई येईपर्यंत चावडीत राहू दे. लोक सुचवतील तेही घे त्यात. गावाचं चित्र आहे."

लोक काय, तयारच होते.

"काऊन वो पोरी," शेजारची काकू म्हणाली, "बाजारात माणूस नाही? गावात पटकी येऊन गेली काय?"

बांगड्यावाले चाचा म्हणाले, "बेटी, माझं दुकान कुठी गेलं? का तुले माणसंच काढता येत नाहीत?"

सगळे हसले. मी चाचांचं दुकान काढलं. मग काकू, तिची भाजीची टोपली. मग कोणाचा बैल. मोठ्यांना नाही म्हणायची रीत नव्हती, आणि माया तरी किती करायचे! समोर ताठ उभे राहायचे, चहा आणून द्यायचे. मैदान गच्च भरलं.

नागपूरच्या बाईंनी पुष्कळ वेळ पाहिलं. म्हणाल्या, "हात चांगला आहे. पण असे बाजार मी खूप पाहिलेत. यात हिचं स्वतःचं काय आहे?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं ते मधोमधचं ऊन त्या सगळ्यांच्या खाली गेलं होतं.

काकू तडकली. "हिचं काय म्हंजे? पोरगी आमचीच हाय!"

सगळे हसले, बाईही हसल्या. निवड जळगाव जामोदकडच्या एकाची झाली. मास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी त्यांचीच बदली झाली, आणि मी देऊळगावला नांदत होते.

राग धरावा तर कोणावर? सगळी माझीच माणसं.

मागे नातीनं रंगपेटी आणून दिली. मी विचारलं, "काय काढू वो?"

"आजी, तुले वाटते ते काढ."

मी कागद पुढे घेऊन बसले. स्वयंपाकाची वेळ झाली तरी बसूनच होते. मला काहीच वाटेना.