काळूबाबांच्या तीन गोळ्या

शिकायला आलेली पोरं दोन महिन्यांनी परत जाताना सगळं घेऊन जातात. चार्जर, चपला, बाटलीच्या तळाशी उरलेलं लोणचंसुद्धा! किस्से मात्र इथेच टाकून जातात. ते आवरायचे कोणी? मीच!

मी शहापूर तालुक्यात आरोग्य सहाय्यिका आहे. दरवर्षी शहरातून सार्वजनिक आरोग्य शिकणारी पोरं आमच्याकडे येतात. पाठीवर बॅग दिसली की गाव त्यांना ‘डाक्टर’ म्हणून मोकळं होतं. इथले आजार त्यांना समजावून सांगायचे, पाडे दाखवायचे, हे माझं काम. गेल्या बॅचला अनिकेत आणि मृणाल असे दोघे आले होते. दोघंही हुशार, फक्त पुस्तकातून नुकतेच बाहेर पडलेले.

* * *

पहिलाच आठवडा. उन्हाळा लागलेला. किन्हवलीजवळच्या एका पाड्यावर मृणालने बायकांना जमवलं आणि हात कसे धुवायचे त्याचं प्रात्यक्षिक सुरू केलं. तळवे, बोटांच्या फटी, नखं, अंगठे, मनगटं. एकेक पायरी समजावत, पाणी ओतत, फेस काढत. वीस मिनिटांत शेजारचा अख्खा हंडा रिकामा!

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मृणाल खूश. तेवढ्यात एक म्हातारी उठली, रिकामा हंडा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, “लय ग्वाड शिकवलंस गो पोरी. आता चल, हीर दाखवते.”

विहीर टेकडीखाली होती. मृणाल हंडा घेऊन उतरली आणि अर्धा हंडा घेऊन वर आली. दुसऱ्या दिवसापासून तिचं तेच प्रात्यक्षिक एका तांब्यात व्हायला लागलं.

* * *

मुरबाडकडच्या एका अंगणवाडीत मुलांची वजनं घ्यायची होती. कुपोषण किती आहे ते वजनाशिवाय कळत नाही. मृणालने काटा टांगला, पहिलं बाळ झोळीत घातलं आणि खणखणीत आवाजात आकडा सांगितला. बाळाच्या आईने त्याला झोळीतून ओढलं आणि तडक घरी! मागोमाग अर्धी रांग पांगली.

आमच्या आशाताई पुष्पा मृणालच्या कानाला लागल्या. “मॅडम, पोराचं वजन चारचौघांत बोलायचं नसतं. दृष्ट लागते.”

झालं! मृणाल प्रत्येक आईच्या कानात वजन सांगू लागली. कोण बारीक आहे, त्याला काय खायला द्यायचं, तेही कानातच. एवढी गुपितं वाटली जातायत म्हटल्यावर पांगलेली रांग परत आली. आया झाल्या, आज्या झाल्या. शेवटी गावातले एक भारदस्त पुढारी पुढे सरकले, चपला काढून शेजारच्या मोठ्यांच्या काट्यावर उभे राहिले आणि कान पुढे करून म्हणाले, “माजं पन हळूच सांगा.”

* * *

अनिकेतचा विषय सर्पदंश. उंबरमाळीच्या बाजूला त्याचं व्याख्यान होतं. पोरगा तयारीने आला होता. “साप दिसला तर घाबरायचं नाही. पळायचं नाही. शांत राहायचं. चावलाच तर भगताकडे वेळ घालवायचा नाही, सरळ दवाखाना गाठायचा.”

हे चालू असताना कौलांतून एक धामण सळसळत खाली आली आणि त्याच्या चार्टजवळ पडली.

अनिकेत टेबलावर कधी चढला ते मलाही दिसलं नाही! पुढच्या रांगेतली एक बाई उठली, काठीने धामण उचलून कुंपणापलीकडे सोडून आली आणि परत जागेवर बसली.

“उतरा डाक्टर,” ती म्हणाली. “तुमी सांगितलंत तसं आमी कोनी पळालो नाय.”

* * *

आता काळूबाबा. डोळखांबच्या वरच्या पाड्यावर राहतात. थोडा भात, थोडी नाचणी. घरात तीन माणसं: बाबा, त्यांची बायको भिमीआजी आणि धाकटा भाऊ. बाबांना टीबी निघाला. सहा महिने रोज औषध, एक दिवसही चुकवायचं नाही. अर्ध्यावर सोडलं की हा आजार दुप्पट चिवट होऊन परत येतो. माझ्या नोकरीत असा एक माणूस गेलाय. अजून त्याच्या घरावरून जाताना मी मान खाली घालते.

म्हणून बाबांची जबाबदारी मी अनिकेतवर टाकली. डोळखांबला मुक्काम, पाड्यावर अर्ध्या तासाची चढण. बाबा दर खेपेला रिकामी पाकिटं अगदी टापटीप काढून दाखवायचे. एक गोळी शिल्लक नाही! तरी खोकला हटेना, वजन वाढेना.

अनिकेतला पुस्तक आठवलं. या औषधाने लघवी केशरी होते. त्याने विचारलं, “बाबा, लघवीचा रंग कसा आहे?”

“केशरी,” बाबा म्हणाले.

चुलीपासून भिमीआजी बोलल्या, “माजी पन.”

ओटीवरून भाऊ म्हणाला, “माजी पन हाय थोडी.”

अनिकेतने माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

बाबांना नवल वाटलं ते आमच्या चेहऱ्यांचं. त्या घरात आंबा आला तरी तीन फोडी होतात. घरच्यांसमोर एकट्याने तोंड हलवायचं म्हणजे लाजच. “तुमीच रोजच्या तीन गोल्या दिल्यात. आमी मानसं तीन,” बाबा म्हणाले. “मी म्हटलं, सरकारला बरोबर म्हायती हाय आमच्या घरी किती जन!”

* * *

डॉक्टरांनी तिघांनाही तपासलं. भिमीआजी आणि भाऊ ठणठणीत निघाले. बाबांचे सहा महिने पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. पण बाबा काही केल्या एकटे खाईनात. मी समजावलं, रागावले, हात जोडले. ते ऐकून घेत आणि गोळ्या तशाच मुठीत ठेवत.

तेव्हा अनिकेतने खिशातून गूळ काढला. तीन खडे केले. एक भिमीआजींना, एक भावाला, एक स्वतःला. “बाबा, तुमच्या वाटणीला गोळ्या, आमच्या वाटणीला गूळ. सगळे एकदम खाऊ.”

बाबांनी गोळ्या तोंडात टाकल्या. मी इतकी वर्षं भाषणं दिली, आणि काम केलं गुळाच्या खड्याने! खरं सांगते, मला त्या पोराचा हेवा वाटला.

मग रोज सकाळी हेच. दोन महिने संपले, अनिकेतची जायची वेळ आली. बाबा म्हणाले, “तू चाललास. मंग माज्यासंगं खानार कोन?” पोरगा मोठ्याने रडला. मृणाल रडली. मी रडले नाही, मला बस पकडायची होती.

त्याने शब्द दिला, रोज सकाळी व्हिडिओ कॉल. पाड्याच्या वळणावर एका चिंचेखाली रेंज येते. पुष्पाताईंचा फोन, इकडे बाबांच्या गोळ्या, तिकडे अनिकेतचा गूळ. असे उरलेले महिने गेले. बाबांचं वजन वाढलं, खोकला थांबला.

* * *

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम वर गेले. अनिकेतने आदल्या दिवशी बजावलं होतं, “उद्या माझी तोंडी परीक्षा आहे, सकाळी लवकर उरकू.” पण शेवटच्या गोळ्या म्हणजे बाबांना सणच! त्यांनी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलं, नवी टोपी शोधली. चिंचेखाली पोचलो तर रेंज गायब. ती आली तेव्हा दहा वाजून गेले होते.

“बाबा, आजच्या दिवस खाऊन टाका,” मी म्हटलं. “पोरगा परीक्षेत असेल. फोन जमा केला असेल त्याचा.”

बाबांनी मूठ घट्ट केली. “नाय. त्यानं शब्द पाळला, मी पाळनार.”

पुष्पाताईंनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला. पडद्यावर चष्मेवाले, टाय लावलेले गृहस्थ. “कोण आहे? इथे परीक्षा चालू आहे!” त्यांच्यामागे अनिकेत उभा, तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

“तुमी कोन?” बाबांनी विचारलं. “आमच्या डाक्टरला बोलवा.”

“सर,” मागून अनिकेतचा आवाज आला. “माझे पेशंट आहेत. सहा महिने पूर्ण होतायत, आज शेवटचा डोस. मी समोर खाल्ल्याशिवाय ते खाणार नाहीत.”

“तुम्ही काय खाणार?”

“गूळ, सर. खिशात आहे.”

साहेबांनी चष्मा वर सरकवून बाबांच्या मुठीकडे पाहिलं. मग त्यांनी फोन वळवून धरला, ते आणि अनिकेत दोघं दिसतील असा.

बाबांनी तीनही गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायले. तिकडे अनिकेतने गुळाचा खडा तोंडात टाकला. पुष्पाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

बाबांनी टोपी नीट केली, पडद्याजवळ तोंड नेलं आणि साहेबांकडे निरखून पाहिलं.

“अरे पोरा,” ते म्हणाले, “यांना नाय दिलास?”

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि हात पुढे केला.