वाघमुखी घराचं गिऱ्हाईक

कामरगावात आम्ही कारंज्याच्या रस्त्याला लागून घर घेतलं, तेव्हा अख्ख्या गावानं आमच्या यांना वेड्यात काढलं. घर वाघमुखी होतं, म्हणजे समोर रुंद आणि मागं निमुळतं. असं घर दुकानाला लाभतं, संसाराला नाही, राहायला गोमुखीच पाहिजे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण दोघा भावांच्या वाटण्या झाल्या आणि वाट्याच्या पैशातून हेच घर घ्यायचं म्हणून हे थोरल्या भावापुढं हटूनच बसले. रस्ता वाहता आहे, मोटरी वाढताहेत, उद्या विकायचं म्हटलं तर दुप्पट किंमत येईल, असं त्यांनी दहादा सांगितलं. किंमत येईल तेव्हा येईल, तोवर धूळ मी खायची होती.

आणि खाल्लीच. कापसाच्या दिवसांत सकाळपासून बैलबंड्यांची रांग लागायची, आणि खडखडाट असा की चुलीपुढून मारलेली हाक ओट्यावर ऐकू जात नसे. पापड वाळत घातले की त्यावर धुळीचा थर. त्यात प्रवाशांची मोटर थांबायची ती आमच्या दारासमोरच, त्यामुळं ओटा आमचा आणि बसणारे जगाचे. देवळामागचं एक गोमुखी, शांत घर मी मनात धरून ठेवलं होतं. दोन वर्षं रोज तोंडाचा पट्टा चालवला, तेव्हा कुठं हे विकायला तयार झाले.

मानोऱ्याकडचा एक दुकानदार शनिवारी घर पाहायला यायचा होता. शुक्रवारी दुपारी हे वावरात होते, आणि ओट्यावर एक छत्रीवाला म्हातारा येऊन बसला. त्यानं पाणी मागितलं, मी दिलं. तहानलेल्याला आमच्याकडे कोण-कुठला विचारत नाहीत, आणि तीच रीत मला त्या दिवशी नडली. पाणी पिऊन त्यानं सहज विचारलं, घर कसं आहे. झालं, मी उंबऱ्यात बसले आणि सुटले.

दिवसाला चार घागरी पाणी याच ओट्यावर जातं, म्हटलं. बिडीला विस्तव पाहिजे, तो माझ्या चुलीतून. बाजाराला जाणाऱ्या बाया गाठोडी माझ्या भरवशावर टाकून जातात. एकीनं तर बकरी बांधून ठेवली, आणि परत आल्यावर मलाच विचारलं, हिला चारा घातला का. तांड्यावरची एक पहिलटकरीण उन्हानं घेरी येऊन माझ्या बाजेवर दोन तास पडून होती. आता येता-जाता लेकरू दाखवल्याशिवाय पुढं जात नाही. कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, कारंज्यात तूर काय भावानं गेली, हे मला पाटलाच्या आधी कळतं, असंही मी सांगून टाकलं. आता ही काय तक्रार झाली?

शेवटी म्हातारा म्हणाला, "बाई, तुमी घराले नावं ठेवून राह्यल्या का त्याचं कवतिक करून राह्यल्या?"

मग त्यानं सांगितलं की गिऱ्हाईक तोच. माणसांची ये-जा खरी किती, ते विकणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणून एक दिवस आधी येऊन बसला होता. आपल्या हातानं सौदा मोडला, आता यांना काय तोंड दाखवू? पण झालं भलतंच. हे वावरातून आले, तसा तो आमच्या मागण्यापेक्षा शंभर रुपये वर बोलला आणि इसाराच्या नोटा त्यानं ओट्यावर ठेवल्या. ज्यांच्यापायी माझा जीव मेटाकुटीला आला होता, तीच सगळी त्याच्या दुकानाची गिऱ्हाइकं होती.

इसार घेतला की सौदा पक्का, मग माघार नाही. यांनी नोटांना हात लावला नाही. घर हिला सोडायचं आहे, हिलाच विचारा, म्हणाले.

मला हो म्हणायचं होतं, खरंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "माह्या मायचे गुडघे गेले हायेत. कारंज्याहून येते तं मोटरीतून उतरून या ओट्यावरच टेकते. देवळामागं तिले कोन चालवत नेईन?"

म्हाताऱ्यानं नोटा उचलल्या, आणखी एक तांब्या पाणी प्याला आणि आलेल्या मोटरीनं निघून गेला.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. दोन वर्षं नवऱ्याचं डोकं खाल्लं आणि ऐन वेळी पाय मागं घेतला. मी यांना म्हटलं, तुम्ही म्हणत होता तशी किंमत आली होती, तुमचंच खरं झालं असतं, माझ्यापायी गेलं सगळं.

हे हौदापाशी पाय धूत होते. मान वर न करता म्हणाले, "किमतीचं तं दादाले सांगाले होतं. बायकोच्या मायसाठी घर घेतो म्हनलं असतं, तं त्यानं घेऊ देल्लं असतं काय?"