वाढ नाही

दिराचा फोन आला तेव्हा मी डाळ धूत होते. "वहिनी, वृंदा गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी डबा घेऊन हसत बाहेर पडलेली माझी धाकटी जाऊ दुपारी लॅबमध्येच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. महिना उलटला, तरी गोडदेवच्या आमच्या घरात तिच्याबद्दल 'होती' म्हणायला अजून कुणाची जीभ वळत नाही...

काशीमीऱ्याच्या गोदामांमागे तिची लॅब. दूध, पनीर, श्रीखंडाचे नमुने तिथे यायचे. नमुना काचेच्या बशीत पसरून ती उबेत ठेवायची आणि त्यावर जंतूंचे ठिपके उगवतात का ते पाहायची. काहीच उगवलं नाही की शेरा मारायची, 'वाढ नाही'. तिच्या लेखी याहून गोड शब्द नव्हते. जेवताना मी भात पुढे केला तरी पानावर हात आडवा धरून म्हणायची, "ताई, वाढ नाही." आमच्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, ते खपत नसे. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणणारी ती बाई. "भरल्या घरात असं बोलू नये गो," त्या पुटपुटायच्या.

आणि नेमकं तेच नडलं. माझी लेक प्राजक्ता पहिलटकरीण, माहेरी आलेली. तिला खरवसाचे डोहाळे लागले. आईंनी पेणकरपाड्याच्या तबेल्यातून चीक मागवला, वेलची-जायफळ घालून खरवस केला. वृंदा आडवी आली. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजमध्येसुद्धा वाढतो, बाईला नुसता ताप येतो पण पोटातल्या बाळाच्या जिवावर बेततं, म्हणाली. आपल्या छोट्या डबीत एक वडी घेऊन गेली. "बाकीचा फ्रीजरमध्ये राहू दे. मी सांगेपर्यंत प्राजूला देऊ नका." आईंचा चेहरा उतरला. त्यांच्या हातचं आजवर कुणी तपासलं नव्हतं.

नंतर मी प्राजक्ताला सोनोग्राफीला घेऊन गेले होते, तेव्हा घरी फोन वाजला. आईंनी उचलला. पलीकडून वृंदा खुशीत म्हणाली, "आई, प्राजूचा रिपोर्ट आला. वाढ नाही."

आईंनी ते पोटातल्या बाळाबद्दलच ऐकलं. आम्ही घरी परतलो तेव्हा देवापुढे रडत होत्या. उलगडा झाल्यावर भीती गेली, राग मात्र राहिला. सगळा खरवस त्यांनी फेकून दिला. वृंदाने पाय धरले. "शब्द तोंडातून गेला तो गेला," आई म्हणाल्या. पुढे बाळ सुखरूप झालं, गुटगुटीत आहे, पण आईंनी पुन्हा खरवस केला नाही.

वृंदाचा तर खरवस म्हणजे जीव की प्राण. मधूनमधून विचारायची, "आई, चीक मिळतोय. आणू का?" आई म्हणायच्या, "बघू." दोघी एकमेकींशी नीट बोलायच्या, एकमेकींचं दुखलंखुपलं पाहायच्या. फक्त ते 'बघू' तेवढं सुटलं नाही. मला आता त्या शब्दाचाच संताप येतो. आयुष्य पडलंय असं धरून चाललो होतो आम्ही सगळेच...

परवा तिचं मासिक श्राद्ध होतं. आईंनी न सांगता चीक आणवला होता. तिच्या नावाचं पान मांडलं. त्यांनी वडी उचलली आणि हात तसाच थांबला.

"तिची डबी कुठाय?" त्यांनी विचारलं. मी फडताळातून काढून दिली. एक वडी डबीत ठेवून त्यांनी झाकण लावलं, डबी पानाशेजारी ठेवली.

"तपासल्याशिवाय खायची नाही ती," आई म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसत त्यांनी वड्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

"आता वाढ."