नवऱ्याच्या वाट्याची पुडी

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. बहिणीला न्हाई, देवापुढंसुद्धा न्हाई. तुम्हाला सांगते — तुम्हाला निदान माझं तोंड दिसत न्हाई.

आम्ही हसनाबादचे. माझा लेक टेम्पोनं परतूरला कापूस नेतो, आठ-आठ दिवस बाहेर. लग्नानंतर सुनेला, वंदनाला, अंगावरून पाणी जायला लागलं, ओटीपोट दुखायचं. दवाखान्यात मीच घेऊन गेल्ते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे नवऱ्याकडून आलंय. दोघांनी औषध घेतलं तरच जाईल. माणूस न तपासता औषध द्यायला कायदा आडवा येतो, म्हणाल्या — पण तो काही यायचा न्हाई, हे त्यांनी ओळखलं. दोन पुड्या दिल्या. एक हिची, एक त्याची.

त्याची पुडी वंदनानं माझ्या हातात ठेवली. "आत्याबाई, तुम्हीच द्या. तुमचं ऐकतेत ते."

मला काय माहीत न्हवतं का हो? त्याला लघवीला जळजळ व्हायची तेव्हा धन्याचं पाणी कुणी पाजलं? मीच ना! उष्णता झाली म्हणायचे. मनात बराबर ठाऊक होतं.

तरी — पुडी मी चुलीत घातली. अन् तो जेवायला बसला, ती मागं भांडे घासून राह्यल्ती, तेव्हा म्हटलं, "बायकोला विचार, कुणाचा रोग घेऊन आली. गोळ्या गिळती चोरून."

ताट भिंतीवर गेलं. त्यानं टेम्पोचा जुना रबरी पट्टा काढला. केसाला धरून तिला आत ओढली. पाठीवर, तोंडावर, कानावर... रक्त पार उंबऱ्यापर्यंत आल्तं. मी काय केलं? सोडवलं? मी दार लावलं. टीव्ही मोठा केला.

मंग हळद लावताना तिला म्हटलं — पुडी दिली म्हणून भडकला ग, पण घेतल्या त्यानं गोळ्या.

ती सुजल्या तोंडानं हसली. "घेतल्या ना? मंग जाऊ द्या मार."

दुखणं पुन्हा पुन्हा आलं. गर्भाशय खराब झालं. आता लेकरू होणार न्हाई. नवऱ्यानं औषध घेतलं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर तीच म्हणाली — हो, आत्याबाईंनी दिलं ना. माझंच अंग नासकं, म्हणती.

काल माझ्या गुडघ्याला तेल लावत होती. डाव्या कानानं तिला त्या मारापासून ऐकू येत न्हाई. मी बोलले की उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणती.

कालही आणला. मी म्हटलं, तेल कोमट कर.