गोधड्याच्या गळ्याचं माप

आपल्या हातून आजवर एकही माप चुकलेलं नाही, असं मास्तर छातीठोकपणे सांगत. गिऱ्हाइकांचं म्हणणं थोडं वेगळं असायचं, पण गिऱ्हाइकांचं काय घेऊन बसलात? पोट यांचं सुटतं आणि दोष शिंप्याच्या कात्रीला. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे अंधारा जिना, एवढं मास्तरांचं साम्राज्य. दुकानात दोन मशिनी, इस्त्री, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं कापणीचं टेबल. त्या टेबलापाशी मास्तर राजे होते. बाकी जगात त्यांना फारसं कुणी विचारत नसे, बायको तर नाहीच नाही.

मास्तरांचा थोरला भाऊ ट्रकचा मेकॅनिक होता. उंच, आडवातिडवा, बोलायला कंजूष. लग्न केलं नाही. गॅरेजमागच्या खोलीत एकटा राहिला. एकटा म्हणजे एका कुत्र्यासोबत. कुत्रा वासराएवढा, आणि अंगावर केस असे की लांबून कुणीतरी गोधडी पांघरून रस्त्यानं चाललंय असं वाटायचं. म्हणून त्याचं नाव गोधड्या. त्याच्या गळ्यात थोरल्यानं कधी काही बांधलं नाही. तो नुसता घशातून हुंकार द्यायचा आणि गोधड्या असेल तिथून यायचा.

मग थोरल्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि मुळातच कमी असलेलं बोलणं पार गेलं. इस्पितळातून सोडायची वेळ आली तेव्हा न्यायचं कुठं, हा प्रश्न उभा राहिला. मास्तर म्हणाले, "जिना चढवणार कोण? आणि खाली तर दुकान." नात्यातल्या चार जणांनी माना डोलावल्या, माना डोलवायला काय जातं? मास्तरांची बायको तेवढी गप्प बसली. थोरल्याला मोठ्या रस्त्यापलीकडच्या शुश्रूषागृहात ठेवलं आणि गोधड्या मास्तरांकडे आला.

तिथं थोरला भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. घास तोंडाशी नेला तर ओठ मिटून घ्यायचा. शेवटी तिथल्या मोठ्या सिस्टरच म्हणाल्या, "त्यांचं कुत्रं आणून बघा एकदा. व्हरांड्यापर्यंत आणा, पण गळ्यात पट्टा हवा. मोकळं कुत्रं मी आत घेणार नाही."

पट्टा घ्यायला मास्तर गोधड्यालाच घेऊन दुकानात गेले, गळ्यात मशीनवरची जुनी दोरी अडकवून. दुकानदारानं साखळ्या दाखवल्या, खिळ्यांचे पट्टे दाखवले, चमचमते दाखवले. मास्तरांनी एकेकाची शिलाई उलटून पाहिली आणि नाक मुरडलं. शेवटी एक रुंद, चपटा, भक्कम पट्टा त्यांच्या मनात भरला. कुत्रा मोठा, तर पट्टा रुंद. यात विचार करण्यासारखं होतंच काय? दुकानदार म्हणाला, "काका, केस बाजूला करून माप घ्या. पाकिटावर तसंच लिहिलंय."

"माप घ्यायला मला पाकीट शिकवणार?" मास्तर म्हणाले. त्यांनी टेप काढून गोधड्याच्या गळ्याभोवती फिरवली, कोटावरून गिऱ्हाइकाचं माप घेतात तशी, केसांवरून. वर सवयीनं थोडं लूजिंग ठेवलं. श्वास घ्यायला जागा नको का?

पहिल्या रविवारी सगळं सुरळीत झालं. व्हरांड्यात खुर्चीत बसवलेल्या थोरल्यानं गोधड्याला पाहिलं. डावा हात त्याच्या गळ्यातल्या केसांत कोपरापर्यंत घातला आणि तो रडला. त्या दिवशी तो पोटभर जेवला. मग रविवारचा रिवाजच पडला. बाकीचे दिवस तो कसंबसं चार घास खायचा, पण रविवार कधी येतो ते त्याला कळायचं, असं सिस्टर सांगत. मास्तरांना बरं वाटायचं. भावाला परक्यांच्या हाती दिल्याची जी टोचणी होती, ती रविवारी संध्याकाळी जरा बोथट व्हायची.

असं चाललेलं असताना एकदा मोठ्या रस्त्याच्या चौकात टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबला. गोधड्या दचकून मागे सरला, मान खाली घातली, आणि पट्टा मास्तरांच्या हातात राहिला. त्या केसांच्या ढिगाखाली कुत्र्याचा गळा केवढासा होता! गोधड्या गाड्यांमधून तीरासारखा सुटला. पळून कुठं गेला? तर शुश्रूषागृहात. पायरी चढून, व्हरांडा ओलांडून, थेट थोरल्याच्या खोलीकडे. वाटेत काठी टेकत चाललेल्या एका म्हातारीला त्याचा धक्का लागला आणि ती खाली बसली. लागलं नाही, पण तिच्या ओरडण्यानं सगळी इमारत गोळा झाली.

धापा टाकत पोचलेल्या मास्तरांना मोठ्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा सुटलं तर येणं बंद. मला बाकीच्यांचंही बघायचंय."

येणं बंद म्हणजे थोरल्याचं खाणं बंद, हे मास्तरांना सांगायला नको होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मास्तरांनी तर ताकाला हात लावायचंच सोडलं. विकतच्या पट्ट्यांवर त्यांचा भरवसा उरला नाही, बकलांवर तर नाहीच. त्यांनी स्वतः पट्टा शिवायला घेतला. आत कोटाचा कॅनव्हास, त्यावर जुन्या बॅगेचं चामडं, बाहेरून जाड कॉर्डरॉय, चारी बाजूंनी दुहेरी शिलाई. या वेळी लूजिंग नाही. गळ्याशी दाबून बसवला आणि गोधड्याला मांडीत धरून रजईच्या सुईनं, मेण लावलेल्या दोऱ्यानं, दोन्ही टोकं गळ्यावरच शिवून टाकली.

"अहो, पण काढायचा कसा?" बायकोनं विचारलं.

"काढायचा कशाला?" मास्तर म्हणाले. "सुटायला नको म्हणूनच तर शिवला."

"कुत्रं आहे ते, उशी नाही."

मास्तरांनी दोरा दातानं तोडला. काम झकास झालं होतं. दुकानात येणारे लोक कौतुक करायचे, मास्तर, कुत्र्यालाही सूट शिवला की! मास्तर खुशीत हसायचे. रविवारच्या फेऱ्या पुन्हा बिनधास्त सुरू झाल्या.

थंडी पडली तशी गोधड्याच्या अंगावर आतून नवी, दाट लोकर आली. गॅरेजच्या आवारात दिवसभर हुंदडणारा कुत्रा आता इस्त्रीच्या उबेला लोळून लोळून लठ्ठही झाला. मास्तर रोज त्याला फणी करत, वरून वरून. तो मागच्या पायानं मान खाजवू लागला. मास्तर म्हणाले, पिसवा असतील. दुकानात कसलासा वास येऊ लागला. बायको म्हणाली, "याच्या अंगाला येतोय बघा." मास्तर म्हणाले, "ओल्या लोकरीला इस्त्री केली की येतोच." फणी मानेशी गेली की गोधड्या अंग चोरायचा. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांच्या अंगाला हात लावणाऱ्या या माणसाला कोण कुठं आखडतंय ते लगेच कळायचं. इथं मात्र कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

मग एका रविवारी थोरल्यानं नेहमीसारखा डावा हात गोधड्याच्या गळ्यात घातला. हात आत गेला आणि थांबला. बोटं काहीतरी चाचपत राहिली. मग त्यानं हात बाहेर काढून डोळ्यांसमोर धरला. बोटं ओली होती, पिवळट आणि लाल. त्याच्या घशातून आवाज निघाला, तसा मास्तरांनी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मास्तरांनी खाली बसून केस बाजूला केले. पहिल्यांदाच. पट्टा कातडीत रुतला होता. कॅनव्हासची कड मांसात गेली होती आणि भोवती केसांच्या घट्ट गाठी झाल्या होत्या. खिशात छोटी कात्री असायचीच. ती घालून त्यांनी टाके उसवले, पण कापड मांसाला चिकटलं होतं. ते ओढलं तसा गोधड्या किंचाळला आणि त्यांच्या हाताला दात लावून बाजूला झाला. मास्तर पुन्हा पुढं झाले तेव्हा थोरल्यानं डाव्या हातानं त्यांना छातीवर ढकललं. अर्ध्या अंगाचा माणूस, पण मास्तर व्हरांड्याच्या कठड्यावर जाऊन आदळले. भावाच्या डोळ्यांत जे होतं ते त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गोधड्याला गुंगी देऊन मानेभोवतीचे केस भादरले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मास्तरांना सोसलं असतं. "एवढ्या केसाळ कुत्र्याला रुंद चपटा पट्टा घालू नये, केस गुंततात," त्या म्हणाल्या. "वळलेला गोल चामड्याचा घ्यायचा, तो केसांत नीट बसतो. माप केस बाजूला करून, कातडीवरून. मधे दोन बोटं जातील एवढा. आणि घरी आलं की काढून ठेवायचा. पण आता जखम भरेपर्यंत गळ्यात काहीही नको. बाहेर न्यायचंच तर छातीवरून बांधायचा पट्टा मिळतो. जखम रोज दोन वेळा धुवायची, मलम लावायचं. चिघळली तर जिवावर बेतेल."

मास्तरांनी सगळं आणलं. गोल चामड्याचा पट्टा आणला, छातीचा आणला, मलम आणलं. पाकिटामागचं अक्षर न् अक्षर वाचलं. आता निवड अगदी बरोबर होती. फक्त ती अंगाला लावून घ्यायला कुत्रा तयार नव्हता. मास्तर पुढं आले की गोधड्या कापणीच्या टेबलाखाली अगदी भिंतीला जाऊन चिकटायचा आणि दात दाखवायचा. बायकोनं गोडीगुलाबी करून पाहिली. दोघांनी मिळून घोंगडं टाकून धरायचा प्रयत्न केला, तेव्हा घोंगड्याच्या चिंध्या झाल्या. दोन दिवसांत जखमेला पुन्हा वास येऊ लागला. तिकडून सिस्टरचा निरोप आला: थोरला तोंड उघडत नाही, पाणीसुद्धा चमच्यानं ओठांवर सोडावं लागतंय.

मास्तर छातीचा पट्टा हातात घेऊन टेबलासमोर उकिडवे बसले होते. "ये रे बाबा," ते म्हणत होते. "एकदा घालू दे. तुझ्यासाठी नाही, दादासाठी." टेबलाखालून गुरगुर येत होती.

बायको जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "अहो, एक विचारू? रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललंय का आपलं?"

"म्हणजे?"

"हा पट्टा, तो पट्टा, रुंद, गोल, छातीचा. कशासाठी सगळं? कुत्र्याला रस्ता ओलांडून भाऊजींकडे न्यायचं म्हणून. भाऊजीच इथं असते तर याच्या गळ्यात बांधायचं काय काम होतं?"

मास्तरांनी हातातला पट्टा खाली ठेवला. जिन्याचं कारण खरं होतं, पण दुकान तळमजल्यावरच होतं आणि दुकानात माणसाला झोपवता येतं, हे त्यांना त्या पहिल्या दिवशीही ठाऊक होतं. जागा टेबलानं अडवली होती. टेबल गेलं की कोटाची कामं गेली, उरली फक्त बारीकसारीक दुरुस्ती. ते भ्याले होते. भावाचं हगणं-मुतणं काढायला भ्याले होते आणि टेबलाशिवाय आपण कोण, यालाही भ्याले होते. बायकोसमोर ते ओक्साबोक्शी रडले, आणि ती उठून जवळ आली नाही. तिला त्यांना रडू द्यायचं होतं. तीही मनातून घाबरलीच होती. एवढ्या धिप्पाड माणसाला उचलून कूस बदलायची म्हणजे पाठीचं खोबरं होणार, हे तिला दिसत होतं.

टेबल शेजारच्या सुताराला सांगून निम्म्यात कापलं. एक तुकडा मशीनला टेकवून ठेवला, दुसरा सुतार घेऊन गेला. मोकळ्या झालेल्या भिंतीला लोखंडी खाट लावली. लपायची जागा गेली म्हणून गोधड्या जिन्याखाली जाऊन बसला.

शुश्रूषागृहाच्या गाडीतून थोरला आला. दोन माणसांनी त्याला स्ट्रेचरवरून खाटेवर ठेवलं आणि ती निघून गेली. थोरल्यानं छताकडे पाहिलं, मशिनींकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं नाही. मग घशातून हुंकार दिला. जिन्याखालून गोधड्या आला, भिंत धरून, मास्तरांपासून जेवढं लांब राहता येईल तेवढं राहून, आणि त्यानं थोरल्याच्या छातीवर डोकं ठेवलं. थोरल्याचा हात त्याच्या मानेकडे गेला, भादरलेल्या कडेशी थबकला आणि परत डोक्यावर आला.

बायकोनं कोमट पाणी, कापूस आणि मलम आणून ठेवलं. मास्तर खाटेपासून हातभर अंतरावर बसले. "दादा," ते म्हणाले, "जखम धुवायची आहे. माझ्या हातून होत नाही. तू जवळ घेशील?"

थोरल्यानं आता कुठं त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी भिजवलेला कापूस उचलला तशी गोधड्याच्या घशात गुरगुर उठली. थोरल्यानं पुन्हा हुंकार दिला. गुरगुर थांबली, पण कुत्र्याचं सगळं अंग थरथरत होतं. तेवढ्यात थोरल्यानं त्यांचं मनगट पकडलं. मास्तरांना वाटलं, आता पुन्हा ढकलणार. त्यानं तो हात ओढून घेतला आणि हळूच गोधड्याच्या मानेवर टेकवला.

मास्तर जखम धुऊ लागले. "दुखतंय का रे?" त्यांनी विचारलं. कुत्र्याला विचारलं की भावाला, त्यांनाही ठाऊक नव्हतं. थोरल्यानं मनगट सोडलं नाही. मास्तरांचा हात जिथं जाई तिथं त्याचा हात सोबत जाई, घट्ट, हाडाला हाड लागेल इतका. विश्वासानं धरलंय की पहारा म्हणून, ते मास्तरांना कळत नव्हतं आणि विचारायची छाती नव्हती. मनगटाला कळ लागली होती. सोड म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नाही.