रिकाम्या हातानं कशी येऊ

सरकारी दवाखान्याच्या खिडकीत चिठ्ठ्या फाडता फाडता माझी वीस वर्षं गेली. बोलायची मला सवय नाही. नाव, वय, गाव, एवढंच विचारायचं. पण एक गोष्ट पोटात ठेवली तर ती हल्ली हसू होऊन भलत्या वेळी बाहेर पडते. तर सांगूनच टाकतो. मला मासे फार आवडतात.

तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातल्या एका मावशीनं पहिल्यांदा रोहूचे दोन तुकडे दिले, प्रेमानं. पुढच्या वेळी मी तिची चिठ्ठी आधी काढली. मी कधी मागितलं नाही. नको, असंही कधी म्हटलं नाही. हळूहळू तलावाकडच्या सगळ्या बाया काही ना काही आणू लागल्या, आणि मी खिडकीखाली डबा ठेवू लागलो.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी तीच मावशी दोन महिन्यांनी आली. तिला बीपीच्या गोळ्या दर महिन्याला फुकट मिळायच्या. पाय सुजलेले, हातात ओली वायरची थैली. थैली खिडकीवर ठेवली आणि आतून हातभर लांब जिवंत मरळ फरशीवर पडली.

रांगच फुटली. एक बाई बाकावर चढली. पायाला पट्टी बांधून मुलाच्या खांद्यावर आलेले आजोबा स्वतःच्या पायांनी पळाले. डॉक्टर मॅडम बाहेर आल्या, तर मरळ त्यांच्या चपलांजवळून थेट वजनकाट्यावर.

"वजन करून राहिली," कोणीतरी म्हणालं.

"नंबर लावला काय तिनं?"

मी टेबलाखाली लोळायचाच बाकी होतो. डोळे पुसत विचारलं, "मावशी, दोन महिने कुठं होती? गोळ्या काहून नाही नेल्या?"

"तलावात जाळं बंद होतं ना बाबू. मासोळीचे अंडे घालाचे दिवस. रिकाम्या हातानं कशी येऊ?"

तक्रार नव्हती. बस चुकली म्हणावं, तसं म्हणाली.

माझं तोंड हसतच राहिलं, मिटेना. तसाच खिडकी सोडून बाहेर आलो. "इथं काही आणा लागत नाही," मी रांगेला म्हणालो. "कधीच लागत नव्हतं. मी खात होतो."

मग मागून एक म्हातारी: "मंग माह्या झिंग्याचं काय?"

पुन्हा हशा. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मावशीचं बीपी दोनदा मोजलं, गोळी बदलली. मरळ मी थैलीत घालून तिच्या हाती परत दिली.

पुढच्या महिन्यात ती वेळेवर आली. रांगेतून, नंबरानं. खिडकीशी दोन्ही तळवे वर केले. "पाह्य बाबू, काहीच नाही." तिच्यामागं सगळ्या रांगेनं तळवे वर केले. मला इतकं हसू आलं की साठाच्या जागी तिचं वय मी सहा लिहिलं.

मॅडमनी चिठ्ठी परत पाठवली. मावशी म्हणाली, "राहू दे ना. तेवढीच जास्त जगीन."